शहद, भाजलेला हात आणि सोलापूरचा शोधनिबंध

या सदरासाठी आलेली पत्रे आम्ही बहुधा महिनाअखेरीस एकत्र वाचतो. गेल्या थंडीत आलेले एक पत्र मात्र त्याच संध्याकाळी हाती घ्यावे लागले. पत्र म्हणजे वहीच्या दोन पानांचे व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो. लिहिणाऱ्या भगिनी सांगली जिल्ह्यातल्या. त्यांच्या चार वर्षांच्या मुलीने ओट्याच्या कडेचे चहाचे पातेले ओढले आणि उकळता चहा उजव्या हातावर सांडला, कोपरापासून बोटांपर्यंत. दवाखान्यात नेले, मलमपट्ट्या सुरू झाल्या. आठव्या दिवशी प्लास्टिक सर्जनने सांगितले की कोपराकडचा भाग छान भरतो आहे, पण हाताची मागची बाजू आणि दोन बोटांची मुळे खोल भाजली आहेत. ती आपोआप नीट भरणार नाहीत. मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावावी लागेल.

घरात यावरून दोन तट पडले. मुलीच्या दादींना एवढ्याशा पोरीला भूल देणेच मान्य नव्हते. मोठ्या चुलत्यांनी फोनवर आलेला एक संदेश पुढे केला. भाजलेल्या जखमेवर शहद लावा, १५ दिवसांत ८७ टक्के जखमा बऱ्या होतात, इंग्रजी औषधाने फक्त १० टक्के, संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे त्यात होते. खाली एका इंग्रजी शोधनिबंधाच्या पहिल्या पानाचा फोटोही होता. भगिनींनी आम्हाला विचारले होते, "हे खोटे असेल तर मी घरात ठामपणे तसे सांगते. पण खरे असेल तर माझ्या लेकीच्या मांडीला चाकू कशाला लावू देऊ?"

त्यांना आम्ही फोनवर जे सांगितले ते थोडक्यात असे: ऑपरेशनबद्दल शंका असेल तर उद्याच दुसऱ्या प्लास्टिक सर्जनला हात दाखवा, पण शहदाच्या भरवशावर थांबू नका. हे असे का, ते समजावून सांगायला मात्र फोन पुरला नाही. तोच संदेश आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर आलेला असणार, म्हणून ते आज इथे सविस्तर मांडतो.

पहिली गोष्ट, संदेश खोटा नाही. तो शोधनिबंध खरा आहे आणि आपल्याच महाराष्ट्रातला आहे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी तो लिहिला आणि १९९१ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी' या नामांकित नियतकालिकाने छापला. १०४ रुग्ण होते. ५२ जणांच्या जखमांवर शहदात भिजवलेले गॉज, उरलेल्या ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे भाजल्यावर घरोघरी आणले जाते ते पांढरे मलम. शहदाच्या गटात ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. पंधरा दिवसांत भरलेल्या जखमा ८७ टक्के आणि १० टक्के. आकडे संदेशात जसेच्या तसे उतरले होते.

एक शब्द तेवढा उतरला नव्हता. ते १०४ रुग्ण वरवर भाजलेले होते. निबंधाच्या सारांशातच तसे लिहिले आहे. संदेशात नुसते 'भाजलेल्या जखमा' उरले, आणि सगळा घोटाळा तिथे झाला.

वरवर भाजणे म्हणजे काय? फोड येतात, कातडी लालबुंद होते, वारा लागला तरी जीव जातो. पण खालच्या थरातली केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी जिवंत असतात. त्यांच्या तोंडाशी नवी कातडी उगवते, जशी कापलेल्या गवताच्या मुळांतून पाती फुटतात. त्यामुळे अशी जखम स्वच्छ ठेवली तर साधारण दोन-तीन आठवड्यांत भरतेच, वर काहीही लावा. खोल भाजले की ही मुळेच जळतात. जागा पांढरट किंवा चामड्यासारखी दिसते आणि चमत्कारिक गोष्ट अशी की तिथे दुखत नाही. आईला वाटते, पोरीला आता बरे वाटते आहे. अशा जागी कातडी फक्त कडांकडून आत सरकू शकते. तीन आठवडे उलटूनही जी जखम भरत नाही, तिचा व्रण जाड होण्याची आणि आखडण्याची भीती मोठी. पाठीवर असेल तर निभावते. बोटांच्या मुळाशी असेल तर मूठ वळत नाही.

म्हणून कोणत्याही संशोधनाचा कागद हाती आला की आम्ही आधी हे पाहतो: त्यातले रुग्ण आपल्या रुग्णासारखे आहेत का? या मुलीचा कोपर त्या १०४ जणांत बसत होता. बोटे बसत नव्हती. एकाच हातावर दोन वेगळ्या जखमा होत्या.

आता वरवर भाजलेल्यांपुरते तरी शहद मलमापेक्षा सरस ठरले का? इथे आमची एक जुनी सवय कामी येते. शर्यतीत जिंकणाऱ्याकडे सगळे पाहतात, आम्ही आधी हरणाऱ्याकडे पाहतो. वरवरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरतेच असे वर म्हटले. मग मलमाच्या गटात पंधरा दिवसांत फक्त १० टक्केच का भराव्यात? जंतू मारण्यासाठीच बनवलेले मलम लावूनही ९३ टक्के जखमांत आठवडाभर जंतू का राहावेत? कदाचित रुग्ण दवाखान्यात उशिरा आले असतील. कदाचित त्या गटात थोडे खोल भाजलेले जास्त आले असतील. आणि एक शक्यता अशी की मलमच जखम भरणे लांबवत असेल. ही तिसरी शक्यता हवेतली नाही. भाजलेल्या जखमांच्या निरनिराळ्या पट्ट्यांवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासणारा कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा २०१३ साली आला. त्यात सिल्व्हर सल्फाडायझिन अनेक नव्या पट्ट्यांपेक्षा मागे पडलेले दिसले. तेव्हा शहद धावले हे खरे असले, तरी ते लंगड्या घोड्याशी धावले असण्याचा संभव आहे.

दोन गट करून तुलना करायची ही युक्ती पाश्चात्त्यांकडून आली असे समजले जाते. रयचे हकीम अबू बक्र अल-राझी यांनी अकराशे वर्षांपूर्वी 'अल-हावी'त नोंदवून ठेवले आहे की मेंदूच्या दाहाच्या काही रुग्णांचे त्यांनी रक्त काढले आणि एका गटाचे मुद्दाम काढले नाही, म्हणजे फरक कळावा. इतिहासकार ही नोंद मोठ्या आदराने सांगतात. गंमत अशी की त्यांचा निष्कर्ष रक्त काढण्याच्या बाजूने होता आणि आज तो कोणी मानत नाही. पद्धत योग्य असूनही उत्तर चुकू शकते, कारण कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे वैद्यानेच ठरवले तर नकळत बरा होण्यासारखा रुग्ण आवडत्या उपचाराकडे जातो. म्हणून आता चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोणाच्याही मर्जीशिवाय, रुग्ण वाटले जातात.

पुढचा प्रश्न प्लास्टिक सर्जरीत फार छळतो: जखम भरली हे ठरवले कोणी? गोळ्यांच्या प्रयोगात खरी आणि खोटी गोळी सारखीच दिसते, कोणाला काय मिळाले ते डॉक्टरलाही कळत नाही. शहद आणि पांढरे मलम यांत असे लपवणार कसे? पट्टी सोडताच रंग, वास, चिकटपणा सगळे सांगून टाकतो. ऑपरेशनच्या प्रयोगात तर सर्जनने काय केले ते त्याला माहीतच असते. त्याचा आपल्या हातावर विश्वास असतो, असायलाच हवा. पण मग 'छान भरली', 'व्रण सुबक' हे शेरे त्याच्या विश्वासाकडे थोडे झुकतात. खोटेपणा नसतानाही झुकतात. उपाय अवघड नाही. जखमेचे फोटो ठरावीक उजेडात, ठरावीक अंतरावरून काढावेत आणि ज्याला उपचार ठाऊक नाही अशा तिसऱ्या माणसाने शेरा द्यावा. निबंधात असे केल्याचे लिहिलेले नसेल तर आम्ही आकड्यांवरचा विश्वास थोडा उतरवून घेतो.

फोटोवरून आठवले. केस लावणारे, गोरे करणारे, नाक सरळ करणारे दवाखाने 'आधी आणि नंतर'चे फोटो लावतात. आधीच्या फोटोत उजेड वरून, चेहरा पडलेला, केस ओले. नंतरच्या फोटोत समोरून उजेड, हनुवटी वर, ओठांवर हसू. ज्यांचे बिघडले त्यांचे फोटो भिंतीवर नसतात. याला संशोधन म्हणू नये, एवढेच इथे पुरे. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहू.

पुन्हा शहदाकडे. डॉ. सुब्रह्मण्यम एका निबंधावर थांबले नाहीत. पुढची कित्येक वर्षे त्यांनी शहदाची तुलना प्लास्टिकच्या पातळ पट्टीशी, गर्भवेष्टनाच्या पडद्याशी, अगदी उकडलेल्या बटाट्याच्या सालींशीही केली. (सालींना हसू नका. ती कल्पना मुंबईतली. महागड्या पट्ट्या न परवडणाऱ्या रुग्णांसाठी ती निघाली आणि १९८५ साली 'बर्न्स' या नियतकालिकात छापली गेली. सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांच्या पट्ट्यांवर केलेले काम २००३ साली त्याच नियतकालिकात आले.) शहद जवळजवळ दरवेळी सरस ठरले. आता कुणी म्हणेल, मग आणखी काय हवे? हवे ते असे की हेच दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या गावात करून पाहावे. कुणाच्या प्रामाणिकपणाची शंका नाही. बिर्याणी एकाच आपाच्या हातची उत्तम होत असेल तर कसब तांदळाचे की हाताचे, हे दुसऱ्या घरी केल्याशिवाय कळत नाही.

आणि मग १९९९ साली त्याच डॉक्टरांचा एक निबंध आला. संदेश पाठवणाऱ्यांनी तो पाठवला नव्हता. या वेळी ५० रुग्ण होते आणि जखमा खोलवरच्याही होत्या. अर्ध्या रुग्णांची जळालेली कातडी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी तासून काढून लगेच नवी कातडी लावली. अर्ध्यांना शहदाच्या पट्ट्या, आणि गरज पडली तर नंतर कातडी. लगेच लावलेली कातडी सरासरी ९९ टक्के धरली. शहदानंतर उशिरा लावलेली ७४ टक्के. तीन महिन्यांनी हालचाल आणि रूप चांगले असलेले रुग्ण पहिल्या गटात ९२ टक्के, दुसऱ्यात ५५ टक्के. शीर्षकातच त्यांनी लिहून टाकले की लवकर कातडी लावणे शहदाच्या पट्टीपेक्षा श्रेष्ठ आहे.

या निबंधावर आमचा विश्वास अधिक का बसतो? वरच्या सगळ्या उणिवा यातही आहेत. ५० म्हणजे थोडे रुग्ण, पट्टी लपवता येत नाही, ठिकाण एकच. पण आठ वर्षे शहदाची बाजू मांडणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने त्याची हद्द आखून दिली. आपल्या आवडीच्या विरुद्ध जाणारा निकाल छापायला हिंमत लागते. शिवाय हा निकाल एकटा नाही. जळालेली कातडी लवकर तासून लगेच नवी लावायची ही रीत युगोस्लाव्हियातल्या मारिबोर गावच्या झोरा यान्झेकोविच या बाई सर्जनने रूढ केली. १९७० साली त्यांनी ती इंग्रजीत मांडल्यावर देशोदेशीचे सर्जन पाहायला त्या लहानशा गावी जाऊ लागले. त्यांचा प्रयोग चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता, नुसती आपल्या रुग्णांची हकीकत होती. पण पाहायला गेलेल्यांनी परतल्यावर आपापल्या गावी करून पाहिले आणि तसेच घडले. दुसऱ्या घरची बिर्याणीही जमली.

२०१५ साली कोक्रेनने शहदावरचे २६ प्रयोग, तीन हजारांवर रुग्ण, एकत्र तपासले. निष्कर्ष दोन्ही बाजूंना थोडेथोडे देणारा आहे. अर्धवट खोलीपर्यंत भाजलेल्या जखमा नेहमीच्या काही पट्ट्यांपेक्षा शहदाने सरासरी चार-पाच दिवस लवकर भरतात. लवकर कातडी लावण्याशी तुलना केली तर शहदाच्या रुग्णांना सुमारे साडेतेरा दिवस जास्त लागले. त्यातही भाजण्यावरचा बराच पुरावा त्या एका शल्यचिकित्सकाच्याच कामावर उभा आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

चुलत्यांनी फोनवर आम्हाला एक प्रश्न विचारला होता, तो टाळता येणार नाही. सूरह अन-नहलमध्ये मधमाशीचा आणि तिच्यापासून मिळणाऱ्या शिफाचा उल्लेख असताना तुम्ही शहदावर शंका घेता? आम्ही त्यांना म्हटले, भाई, आम्ही आलिम नाही आणि त्या उल्लेखावर बोलण्याची आमची लायकी नाही. आम्ही तपासतो आहोत तो माणसाने लिहिलेला, माणसाने छापलेला कागद. उलट शहदाची बाजू घेणारा कागद आपल्याला आधीच गोड लागतो, म्हणून तो दुप्पट बारकाईने वाचायला हवा. हाच निकाल एखाद्या परदेशी कंपनीच्या मलमाचा असता तर तुम्हीच पहिल्यांदा विचारले असते की पैसा कोणी दिला. ते थोडे हसले. पटले असे म्हणाले नाहीत.

मग आम्ही बरणीबद्दल विचारले. घरात कोणते शहद आहे? दुकानातले, डिसेंबरमध्ये आणलेले. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातल्या १३ ब्रँडची तपासणी करून त्यातल्या बहुतेकांत साखरेचा पाक मिसळल्याचे जाहीर केले होते. कंपन्यांनी ते नाकारले. वाद कुणाचाही खरा असो, संशोधनातले शहद आणि आपल्या बरणीतले शहद एकच आहे हे आपण धरून चालतो. शुद्ध शहदातही मातीतल्या जंतूंची बीजे असू शकतात. म्हणून तर एक वर्षाखालच्या बाळाला ते चाटवू नये असे डॉक्टर सांगतात, आणि जखमांसाठी किरणांनी निर्जंतुक केलेले शहद वेगळे मिळते.

एक गोष्ट भगिनींना विचारायची राहून गेली होती, ती त्यांनी आपणहून सांगितली. चहा सांडल्यावर पहिल्या मिनिटाला शेजारच्या भाभींनी टूथपेस्ट फासली. पाणी घातलेच नाही, फोड येतील म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये भाजलेल्या २४९५ मुलांच्या नोंदी तपासून २०२० साली एक निबंध आला. भाजल्यापासून तीन तासांच्या आत वीस मिनिटे गार वाहते पाणी मिळालेल्या मुलांना कातडी लावावी लागण्याचा संभव इतरांपेक्षा बराच कमी दिसला. हा प्रयोगही चिठ्ठ्या टाकून केलेला नाही. करणार तरी कसा? अर्ध्या पोरांना पाणी नाकारायचे? म्हणून नुसत्या दर्जाच्या उतरंडीवरून कागद फेकून देऊ नये. पाण्यात धोका नाही, पैसा नाही, तीन तास उलटण्याआधी केव्हाही सुरू करता येते आणि फरक मोठा दिसतो. इथे आम्हाला एवढा पुरावा पुरतो. मांडीची कातडी काढायची असेल तर पुरत नाही, तिथे आम्ही अधिक मागतो. बर्फ मात्र नको, टूथपेस्ट, हळद, तूप काहीच नको. नळाखाली हात, घड्याळ लावून वीस मिनिटे, मग स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून दवाखाना.

दुसऱ्या सर्जननेही कातडीच सांगितली. बाराव्या दिवशी ऑपरेशन झाले. परवा भगिनींचा पुन्हा संदेश आला, सोबत छोटा व्हिडिओ. मुलगी उजव्या हाताने शेवयांच्या वाटीतला चमचा धरते आहे. करंगळी अजून पुरती वळत नाही. रात्री बोटांना फळी बांधून झोपावे लागते आणि दिवसातून तीनदा व्रण चोळावा लागतो. ते काम दादींनी स्वतःकडे घेतले आहे, सुनेला हात लावू देत नाहीत.

मांडीवर जिथून कातडी काढली ती जागा भरत असताना दादींनी सर्जनना विचारले होते, इथे तरी शहद चालेल का? ही जखम वरवरचीच, मुळे सगळी शाबूत. ते म्हणाले, चालेल, पण घरातले नको, निर्जंतुक पट्टीतले आणा. चुलते मिरजेला जाऊन घेऊन आले.